उलट्या पिळाची बाई

हुपरी, ता. ८ जानेवारी १९८३

उलट्या पिळाचं लिहिल्याबिगर तुझा लेख शिजत नव्हता काय? बाईचं नाव बदललंस, गावाचं नाव गाळलंस, आण्णाला नुसतं 'मालक' केलंस, मला 'शेजारची एक म्हातारी' करून कोपऱ्यात बसवलंस. येवढं सगळं झाकलंस आन मधीच लिहून ठेवलंस की त्या बाईचं उजवं मनगट त्या दिवशी मोडलं, तवापासनं ती डाव्या हातानं कडी वळती, म्हणून तिच्या पैंजणाच्या साखळीचा पीळ उलटा पडतो. अगं पोरी, हुपरीत नावानं कोण कुणाला वळखतंय? हितं माणूस हातावरनं वळखत्यात. पैंजण तळहातावर घेतलं की सांगत्यात, ही अमक्याच्या घरची साखळी. तू ह्याच घरात चांदीच्या चुऱ्यात रांगलीस. तुला हे ठावं नव्हतं असं मला सांगू नको. ठावं होतं, पर ते वाक्य तुला लई आवडलं. म्हणून ठेवलंस.

चि. वैजयंतास आजीचा आशीर्वाद. नातीला द्यायचा असतो म्हणून देती.

तुझं मासिक तू काय धाडलं न्हाईस. ते आलं वाचनालयात. दत्तोपंत मास्तरांनी खाली तुझं नाव बघितलं आन त्यांची छाती फुगली, आपल्या हाताखालची पोरगी पुण्याच्या मासिकात. सकाळी पेपर वाचायला बसलेल्यांना म्हणाले, "ऐका, आपल्या केरबाच्या लेकीनं काय लिहिलंय ते," आन मोठ्यानं वाचायला लागले. मास्तर बिचारे बाहेरचे, त्यांना चांदीतलं काय कळतंय? पिळाचं वाक्य त्यांनी चांगलं सुरात वाचलं म्हणं. तिथनंच एक जण बोलला, "म्हंजे आपली जुलेखाच की ही." मग मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला, जुलेखा असंल तर मालक कोण. त्यांनी मासिक मिटलं आन म्हणाले, "आज आपण बातम्याच वाचू."

दुपारपतोर गावभर झालं. तुझा बाप घरी आला, टोपी खुंटीला न लावता भुईवर टाकली आन मला म्हणाला, "तुझ्या लाडक्या नातीनं उन्हात घर बांधलंय आपलं." त्याचं खरंच हाय. आण्णाच्या पोरांची चांदी आणून तो घरात काम करतोय, तुला ठावं हाय.

दिवाळीत तू ते बोलणं भरून घ्यायचं मशीन घेऊन आलीस तवा जुलेखा आधी मला भिंतीवरनं इचारून गेली, "आक्का, पोरगी आपलीच हाय न्हवं?" मी म्हटलं, व्हय, आपलीच. मग ती आपल्या सोप्यात येऊन बसली. आजवर जे सख्ख्या बहिणीला सांगितलं न्हाय ते तिनं तुला सांगितलं. तू त्यातलं काय खोटं लिहिलंस असं मी म्हणत न्हाय. लढाईच्या सालात आम्ही बायका आण्णाच्या शेडात कामाला होतो. सांजच्याला सुटताना लुगड्यात अडकलेला चांदीचा चुरा दारात झाडून द्यायचा, त्याला झाडा म्हणायचं. तशी रीतच होती. आधी दारात एक म्हातारी बसायची झाडा घ्यायला. मग आण्णा म्हणाला, म्हातारी बायकांना सामील हाय. आन आतल्या खोलीत एकेकीला बोलवून झाडा सोता घ्यायला लागला. नको म्हणंल ती चोर. जुलेखा नको म्हणाली. तिचं मनगट दारात धरून मोडलं, आन मोडलेल्या हातानं तिला आत नेलं. वर फौजदाराकडं चोरीची वर्दी दिली.

हे सगळं तू लिहिलंस. लिहिताना तुझ्या डोळ्यांत पाणी आलं असंल. जुलेखाच्या डोळ्यांत सांगताना आलं न्हवतं, ते मी बघितलंय.

आजी


हुपरी, ता. २ फेब्रुवारी १९८३

चि. वैजयंता,

तुझं पत्र आलं. केरबानं ते फोडलं न्हाय, चुलीकडं न्यायला लागला हुता, मी हातातनं घेतलं. मी दुसरी पास हाय, अक्षर जुळवत वाचायला मला सकाळ गेली. 'आजी, माझ्या हातून घोर अपराध घडला' असं लिहिलंस. बरं. पुढं लिहिलंस की जुन्या कचेरीच्या कागदांत ह्या बाईची फकस्त चोरी लिहिलीय, दुसरं काय न्हाय, म्हणून तिचा आवाज इतिहासात यायलाच पायजे. यायला पायजे तर आला की. आता तो आवाज पाण्याच्या नळापतोर आलाय. परवा ती घागर घेऊन गेली तर कालच्या पोरी बोलल्या, "सरा सरा, उलट्या पिळाची बाई आली." तिनं घागर तिथंच ठेवली आन घरला आली. घागर मी आणली.

काय काय झालं ते इचारतीस, तर ऐक. आण्णाच्या पोरांनी तिला चांदी देणं बंद केलं. तोंडानं कायबी वाकडं बोलले न्हाईत, "चाची, सध्या माल कमी हाय" म्हणाले. माल गाडीनं येतोय. तिचा मीरासाब त्यांच्याच भट्टीवर कामाला. त्याला कुणी काढलं न्हाय, पर रोज कोण ना कोण हसतंय. त्यो आईला म्हणाला, "अम्मा, ह्या वयात हे उकरून काढायचं काय अडलं हुतं? तवाच बोलायचं." ती म्हणाली, "तवा तू न्हवतास ऐकायला." सून रोशनबी मात्र सासूच्या बाजूची निघाली, पर तिचं घरात कोण ऐकतंय?

कोल्हापूरचा एक सराफ माल न्यायला आला. त्यानं हसत हसत इचारलं, "ते झाड्याचं पैंजण हाय काय हो शिल्लक?" ज्या पिळासाठी लोक तिचं पैंजण मागून घ्यायचे, त्यावर आता हसत्यात.

आन आण्णाचं काय झालं म्हणशील. तू दोघांचीबी नावं बदललीस न्हवं? गावानं तिला वळखलं. त्यालाबी वळखलं, पर वळखून न वळखल्यासारखं केलं. आठ दिसांमागं पतपेढीच्या नव्या खोलीचं उद्घाटन झालं. नारळ आण्णाच्याच हातनं फोडला. दत्तोपंत मास्तरांनी हार घातला. मी मास्तरांना रस्त्यात गाठून इचारलं, "मास्तर, तुम्ही तर सगळं वाचलंया." ते म्हणाले, "आक्का, त्यात कुणाचं नाव न्हाय." नावच न्हाय, तर त्यांनी तरी काय करावं!

शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस, 'आजी, तूही त्याच शेडात होतीस, तुझंही सांगशील का?' मला इचारू नको. तुझ्या कॉलेजातल्या त्या पुण्याच्या बाईनं तुला शिकवलंय, बायकांना त्यांच्या कलानं बोलू द्यावं. माझा कल न बोलायचा हाय. तेवढं शिकलीस तरी लई झालं.

आजी


हुपरी, ता. १५ मार्च १९८३

चि. वैजयंता,

तू लिहिलंस की पुस्तक निघतंय, सगळ्या बायकांचं मिळून, आन जुलेखा नको म्हणत असंल तर तिचं सगळं त्यातनं काढून टाकशील. मी मनात म्हटलं, सुटलो. म्हटलं तिला सांगावं, बाई, झालं ते झालं, आता पुढं काय छापत न्हाईत.

भिंतीशी गेले. ती शेणी थापत होती. चांदी न्हाय म्हणून शेणी. डाव्या हातानंच थापत होती.

मी म्हटलं, "जुलेखा, पोरगी तुझं सगळं काढून टाकती म्हणं पुस्तकातनं."

"का?"

"का म्हंजे? तुझी बेअब्रू व्हायला लागलीय म्हणून."

"व्हायची ती झाली की आक्का. आता काढून काय मिळणार? भाकरी करपल्यावर तवा उतरायचा?" हात धुवून ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "काढू नको म्हण. माझं नाव घाल म्हण. जुलेखा घाल. बापाचं, नवऱ्याचं, गावाचं, समदं घाल. आन त्याचंबी घाल."

मी म्हटलं, "तुला खूळ लागलंय. मीरासाब घरातनं काढील."

"तसाबी तो काढणारच हाय, तोंडावर आलंय त्याच्या. मग निदान नाव तरी छापून निघू दे. माझी चोरी लिहिताना फौजदारानं नाव लिहिलंच हुतं न्हवं? माझं, बापाचं, गावाचं. तवा कुणी झाकलं न्हाय. आता खरं लिहायचं तर झाकायचं?"

ह्याचं उत्तर तुझ्या बाईला सुचत असंल तर कळव. तिची बाजू मी माझ्या तोंडानं सांगितली. माझं मत इचारशील तर मला हे पटलेलं न्हाय. बाईच्या जातीनं नाव छापून घेऊ नये. पर ते मनगट माझं न्हाय, तिचं हाय.

आजी


हुपरी, ता. ३० एप्रिल १९८३

चि. वैजयंता,

पुस्तक छापणाऱ्यांच्या वकिलाचं म्हणणं तुझ्या पत्रात वाचलं. जुलेखाचं नाव छापता येतंय, आण्णाचं न्हाय. एका बाईच्या सांगण्यावर मोठ्या माणसाचं नाव घातलं तर तो पुस्तकावर फिर्याद करंल. आणखी बायका पुढं आल्या तर बघू म्हणं. 'बघू' हा शब्द वकिलाचा का तुझा, ते लिहिलं न्हाईस.

तरी मी बाहेर पडले. कुणासाठी पडले ते इचारू नको. त्या शेडातल्या बायका आता हायत किती! मेल्या, लेकीकडं गेल्या, काहींचं चित्त ठिकाणावर न्हाय.

पयल्यांदा बयाबाईकडं गेले. आम्ही तिघी शेडात शेजारी बसायचो, जुलेखा, ती आन मी. आता तिला सून बघती, खाटेवर पडून असती. मी म्हटलं, "बया, झाड्याची खोली आठवती?" ती म्हणाली, "कसली खोली?" मी म्हटलं, "शेडाच्या मागची. एकच झरोका हुता." ती म्हणाली, "झरोका न्हवता. कौल फुटलं हुतं, तिथनं उजेड यायचा." आन लगेच डोळं मिटून म्हणाली, "मला काय आठवत न्हाय, आक्का. मी कधी आत गेलेच न्हाय." मी उठले. उठताना तिनं माझ्या लुगड्याचं टोक धरलं. सोडंना. बोलायला तयार न्हाय आन सोडायलाबी तयार न्हाय. शेवटी सुनेनं बोटं उकलली.

दुसरी एक हाय, तिचं नाव लिहीत न्हाय, आता घरचा मोठा बारदाना हाय. ती म्हणाली, "नातीचं ठरवतोय आम्ही. तुझी नात बिनलग्नाची पुण्यात फिरती, तुला काय त्याचं!" तिसरीनं कानाला हात लावला, ऐकू येत न्हाय म्हणून. मी जायला वळले आन हळूच म्हटलं, तुझ्या दारात साप हाय, तर उडी मारली की तिनं! हसावं का रडावं?

तू मागं लिहिलं हुतंस, साल कोणतं, महिना कोणता, ते जुलेखाला सांगता येत न्हाय, वकील त्यावर बोट ठेवतोय. आमच्याकडं सालं नसत्यात. रेशनावर किडकी ज्वारी मिळायची तवाचं हाय. कुणी झरोका म्हणतंय, कुणी फुटकं कौल म्हणतंय. खाली उभं ऱ्हायलेल्या बाईनं वर बघितलेलं असतंय, तेवढंच तिला ठावं. हे तुझ्या वकिलाला कळायचं न्हाय. तुला तरी कळावं म्हणून शाई घालवती.

चैताची जोतिबाची जत्रा झाली. आण्णानं डोंगरावर पाण्याचा तंबू घातला हुता. केरबा चार दिस तिथं घागरी भरत हुता. घरला आला तो मला म्हणाला, "आई, तू दारोदार फिरतीस म्हणं. थांब." मी इचारलं, "कोण म्हणालं?" तो म्हणाला, "आण्णांनी सोता इचारलं, आक्काची तब्येत बरी हाय न्हवं?" 

येवढंच म्हणाला तो. पुरे हाय.

आजी


हुपरी, ता. २४ जुलै १९८३

वैजयंता,

औंदा ईदेला भिंतीवरनं शीरखुर्मा आला न्हाय. आजवर कधी चुकला न्हवता, कॉलऱ्याच्या सालातबी न्हाय. दुपारी रोशनबी आली, पातेल्यात थोडा घेऊन, पदराखाली झाकून. म्हणाली, "अम्मी गारगोटीला गेली. मामूकडं." मामू म्हंजे जुलेखाचा भाऊ शमशुद्दीन, बाजारात बांगड्यांचं दुकान हाय त्याचं. मी इचारलं, "गेली का धाडली?" रोशनबी रडायला लागली, तवा मी पुढं इचारलं न्हाय. मला न सांगता गेली. मी व्हय म्हटलं हुतं, पोरगी आपलीच हाय म्हणून. ते ती इसरली नसणार.

तर आता लिहून घे. मशीन न्हाय, तुझी बाई न्हाय, मी आन कागूद. एकदाच लिहीन.

मीबी आत गेलेय. एकदा न्हाय. केरबा तवा अंगावर पीत हुता, मी त्याला आईकडं टाकून कामाला यायचे. दिवसभर पाजायला न्हाय म्हणून सांजपतोर दूध लुगड्यावर यायचं. त्यात चुरा चिकटायचा. आण्णानं ते बघितलं आन हसला, म्हणाला, "ही तर चांदीचं दूध देती." लुगडं सोडून उभं ऱ्हायचं. चुरा निघाला तर चोर, न निघाला तर कुठं दडवलाय म्हणून हातानं बघायचं. पुढचं लिहीत न्हाय. पुढचं तू जुलेखाच्या तोंडनं ऐकलंस तेच हाय, तिचं मनगट मोडलं आन माझं न्हाय, येवढाच फरक. मी नको म्हणाले न्हाय. नको म्हटल्यावर काय हुतंय ते तिच्यावरनं बघितलं हुतं.

मग काम का सोडलं न्हाईस, असं तुझा वकील इचारंल. त्याला म्हणावं, घरात खाणारी तोंडं हुती आन चांदी वाटणारं घर एकच हुतं. तुझा आजा उशीर का झाला ते कधी इचारत नव्हता. इचारलं असतं तर त्याला काहीतरी करावं लागलं असतं. कोपऱ्यात पाण्याची बादली भरून ठेवायचा, मी आल्या आल्या आंघोळ करती म्हणून. ह्या माणसाबद्दल मला काय वाटतंय ते मला अजून ठरवता आलेलं न्हाय, आता तो जाऊनबी लई दिस झाले.

माझं नाव घाल. सगळं घाल. आता दोघी झाल्या.

पत्र टाकायच्या आधी केरबाला सांगितलं. चोरून केलेलं नको म्हणून सांगितलं. तो कानस घेऊन साखळी घासत बसला हुता. कानस थांबली. मग म्हणाला, "आता मी लोकांत कसं तोंड दाखवू?" मी म्हटलं, "आहे तेच दाखव, माझ्यासारखंच हाय ते." त्याला हसू आलं न्हाय. मला वाटलं हुतं, लेक हाय, आता उठंल, त्या घरावर जाईल, निदान दगूड तरी मारील. उठला. पिशवी घेतली आन आण्णाच्या पोरांकडनं आठवड्याची चांदी तोलून आणायला गेला. सांजच्याला आणली. कामाला बसला. मी भाकरी वाढली, त्यानं खाल्ली.

त्या दिसापासनं तो माझ्याशी बोलताना भुईकडं बघतोय.

आजी


हुपरी, ता. ९ सप्टेंबर १९८३

वैजयंता,

तुझं लांबलचक पत्र आलं. तीनदा वाचलं, कारण पयल्यांदा मला वाटलं अक्षर जुळवायला माझीच चूक झाली.

चूक न्हवती. दोन म्हाताऱ्या झाल्या तरी वकिलाला पुरं पडत न्हाय. कागद न्हाय, साक्ष न्हाय, डॉक्टरचा दाखला न्हाय. आण्णाचं नाव जाणार न्हाय. त्याचं जात न्हाय म्हणून गावाचं जाणार न्हाय, कारण गाव घातलं तर तो कळतोय. गाव न्हाय म्हणून आमचीबी नावं न्हाईत, कारण आमच्यावरनं गाव कळतंय. चांदीचं नुसतं 'घरगुती उद्योग' केलंस. पीळ काढलास. मनगटबी काढलंस, 'शारीरिक इजा' केलंस. 'दक्षिण महाराष्ट्रातील एका गावातील दोन वृद्ध स्त्रिया.' त्या दोघी आम्हीच का, हे आता आम्हालाबी वळखू यायचं न्हाय. तू म्हणतीस, आजी, मी लई भांडले, बाई रडल्या, पर छापखान्याला आन सगळ्या बायकांना धोका हाय. असंल. तू भांडली असशील. तुझ्यावर राग धरायला माझ्यात आता जीव न्हाय.

मी एस्टीनं गारगोटीला गेले. पत्रानं सांगण्यासारखं न्हवतं, आन तिला वाचता येत न्हाय.

शमशुद्दीनचं दुकान बाजाराच्या तोंडाला हाय. गौरीगणपतीची बायकांची झुंबड, आन जुलेखा मागं पोत्यावर बसून फुटक्या बांगड्या निवडत हुती. मला बघून म्हणाली, "आक्का, जरा सरकून बस, काच लागंल." भाऊ चांगला हाय. चहा मागवला, पर गिऱ्हाइकांपुढं बहिणीला नावानं हाक मारत न्हाय. "पावणं आल्यात," येवढंच म्हणाला, कोण कुणाकडं आलंय ते न सांगता.

मी तिला सगळं सांगितलं. माझंबी सांगितलं. मी लिहून दिल्याचं तिला ठावं न्हवतं. ती निवडायची थांबली. म्हणाली, "तू? तू दिलंस?" मी म्हटलं, व्हय. "मला वाटलं तू न सांगता मरशील." मी म्हटलं, मलाबी तसंच वाटलं हुतं. येवढ्यावर आम्ही दोघी हसलो, काय सांगू, बांगड्या भरणारी बाई मागं वळून बघायला लागली.

मग मी वकिलाचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आपण दोघींनी परत लुगडी सोडली, आन त्याची टोपीबी हलली न्हाय."

"न्हाय हलली."

"मला एक सांग. पोरगी दिवाळीत आली तवा मला दुपारभर इचारत हुती. दार कुठल्या अंगाला, उजेड किती, तो आधी काय बोलला, मी काय बोलले, कोण ऐकलं. मग तू बयाला इचारलंस. मग तुला पोरीनं इचारलं. वकिलानं इचारलं, मीरासाबनं इचारलं, नळावरच्या पोरींनी इचारलं. त्याला कुणी इचारलं?"

एस्टीत बसून मी ह्याचाच इचार केला. तुमच्या अभ्यासात सगळं हाय म्हणतीस, बाईला दुखवू नये, बाईचं बाईच्या शब्दात घ्यावं, कागूद खोटं बोलतोय हे धरून चालावं. मला ते बरं वाटलं हुतं, खोटं का सांगू. पर तुम्ही सगळ्या शिकलेल्या बायका मशिनं घेऊन आमच्याच दारात येता. त्याच्या दारात कोण जातंय? आम्हाला सांगावं लागतंय, आम्हाला पटवावं लागतंय, आमचंच नाव जातंय आन आमचंच नाव झाकावं लागतंय. तो अजून ओसरीवर खुर्ची टाकून बसतोय. डोळं चांगलं हायत, कान शाबूत, दात नवं बसवून घेतलंय. त्याला आठवत न्हाय असं कुणी म्हणू नये. माझी तब्येत त्याला आठवती.

पुस्तक तुमचं निघू दे. त्यात आम्ही दोघी असू नसू, मला आता त्याचं कायबी न्हाय. जुलेखा परत यायची न्हाय. केरबा वर बघायचा न्हाय. बयाबाई मागल्या आठवड्यात गेली, न बोलताच. हे तुझ्या लेखानं फिरणार न्हाय आन तुझ्या रडण्यानंबी न्हाय.

पर तू हुपरीला ये. माझ्याकडं उतरू नको, बापाला भिऊन मागं फिरशील. एस्टीतनं उतर आन सरळ आण्णाच्या ओसरीवर जाऊन बस. केरबाची लेक म्हणून सांग, जुलेखाचं नाव घे, आक्काचं नाव घे. आम्हाला इचारलंस तसं त्याला इचार. साल इचार. दार कुठल्या अंगाला हुतं ते इचार. उजेड झरोक्यातनं यायचा का फुटक्या कौलातनं, ते इचार, त्याला नीट ठावं असंल. तो कायबी सांगणार न्हाय, मला ठावं हाय. गप बसला तर गप बसला म्हणून लिही. हसला तर हसला म्हणून लिही. पोरांना हाक मारून तुला बाहेर काढलं तर तसं लिही. येवढं लिहायला कुठल्या वकिलाची हरकत हाय ते मी बघती.

मला आता पत्र टाकू नको. जुलेखालाबी टाकू नको. आम्ही दिलं ते सगळं दिलं. ह्याचं उत्तर तू द्यायचं न्हाय, तुझ्या बाईनं द्यायचं न्हाय, आम्ही दोघींनी तर अजिबात द्यायचं न्हाय. ते आण्णानं द्यायचं. त्याच्याकडनं घे, आन मगच ह्या घराचा पत्ता लिही.

आक्का